आधी काम, मग पद : गोखल्यांची शाळा आणि आपले मंडळ



स्मरणिकेच्या संपादक मंडळाने "या वर्षी इतिहासावर काहीतरी लिहा" असे सांगितले, तेव्हा मी आधी हात जोडले. मी रेलपथ विभागातला माणूस. शिक्षण पॉलिटेक्निकच्या डिप्लोमापर्यंत आणि रोजचे लिखाण म्हणजे गँगची डायरी, ब्लॉकची मागणी नाही तर साहित्याचा हिशेब. पण गेल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत एक प्रसंग घडला आणि तो मनातून जाईना. लेखाचे निमित्त तोच प्रसंग आहे.

सभा आपणा सर्वांना आठवत असेलच. नवीन कार्यकारिणी निवडायची होती. अध्यक्षांनी तीनदा विचारले, "तरुणांपैकी कोणी नाव देता का?" कोणी मान वर केली नाही. शेवटी तीच जुनी पाच नावे पुन्हा वाचली गेली, टाळ्या झाल्या आणि आपण चहाला उठलो. त्या पाच नावांत खजिनदार म्हणून माझेही नाव होते, सलग अकराव्या वर्षी. चहाच्या वेळी मी एका मुलाला जरा रागानेच म्हणालो, "तुम्ही पोरं पुढे येत नाही आणि मग म्हणता जुने लोक खुर्ची सोडत नाहीत." तो शांतपणे म्हणाला, "काका, आम्हाला आरतीला उभं राहता येतं. मंडळ चालवायचं कसं, हे कोणी शिकवलंय कधी?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी आल्यावर विचार करू लागलो की माणसाला चार लोकांचे काम अंगावर घ्यायला शिकवण्याची रीत आपल्याकडे कोणी घालून दिली आहे का? शोधता शोधता पोहोचलो पुण्याला, १९०५ सालात, नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे.

उत्सव टिळकांचा, लेख गोखल्यांवर?

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत गोखले कुठून आले, असे काही जण म्हणतील. १८९३ साली पुण्यात आणि गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसले, लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून या उत्सवाला बळ दिले आणि पुढच्या काही वर्षांत तो महाराष्ट्रभर पसरला, हे आपण शाळेपासून वाचत आलो. टिळक जहाल, गोखले मवाळ. १९०७ साली सुरतेच्या काँग्रेसमध्ये दोन्ही पक्षांची उघड फाटाफूट झाली, हेही खरे.

पण दोघांनी सुरुवात केली ती एकाच ठिकाणी. टिळकांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. गोखले याच संस्थेत शिक्षक म्हणून आले. टिळक १८९० साली बाहेर पडले, गोखले १९०२ पर्यंत राहिले. मतभेद शेवटपर्यंत राहिले, तरी १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानभूमीत त्यांच्याविषयी गौरवाने बोलले. कार्यकर्त्यांमध्ये या माणसाची जागा फार वरची आहे, त्याचे अनुकरण करा, असा त्या भाषणाचा आशय होता. टिळकांना जे सांगायला संकोच वाटला नाही, ते आपण गणपतीच्या मांडवात सांगायला हरकत नाही.

टिळकांनी लोकांना एकत्र आणण्याची जागा दिली. जमलेल्या लोकांचे काम चालवणारा माणूस कसा तयार करायचा, याची शिस्त गोखल्यांनी बसवली. आपल्या मंडळाला पहिली गोष्ट मिळाली आहे. दुसरीची उणीव आहे, आणि ती का आहे हेच मला पाहायचे होते.

गोखले स्वतः कसे घडले

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचा. घरची परिस्थिती बेताची. पुण्यात शिकवत असताना ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सहवासात आले. रानड्यांनी त्यांना लगेच व्यासपीठावर उभे केले नाही, आधी कामाला लावले. पुणे सार्वजनिक सभेचे त्रैमासिक सांभाळायचे, सरकारी अहवाल वाचायचे, जमाखर्चाचे आकडे पडताळायचे, अर्ज-निवेदने लिहायची. १९०१ साली रानडे गेले तोपर्यंत हे शिकणे चालूच होते. या शिदोरीवर १८९७ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, गोखले लंडनला वेल्बी कमिशनपुढे हिंदुस्थानच्या खर्चाबाबत साक्ष द्यायला उभे राहिले. समोर मुरलेले इंग्रज अधिकारी होते, पण आकड्यांत हा तरुण मास्तर डगमगला नाही.

त्याच दौऱ्यात त्यांच्या हातून एक चूक झाली. पुण्यात तेव्हा प्लेगचा कहर होता आणि बंदोबस्ताला गोरे सैनिक घरांत शिरत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विश्वास ठेवून गोखल्यांनी विलायतेत सैनिकांच्या अत्याचारांविषयी जाहीर विधान केले. सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर पाहतात तो पुराव्यानिशी उभे राहायला कोणी तयार नाही, आणि पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी सर्व जबाबदारी स्वतःवर घेतली आणि जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांना भित्रा म्हटले, सभांतून हिणवले. ते सगळे त्यांनी सोसले, पण पत्रलेखकांकडे बोट दाखवले नाही.

हा भाग वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावे लागले. कारण पुढे येईलच.

भारत सेवक समाजाची पाच वर्षे

१२ जून १९०५ रोजी पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजजवळच्या टेकडीवर, गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. (१९५२ साली दिल्लीत याच नावाची दुसरी संस्था निघाली. ती वेगळी, गल्लत नको.) पहिली शपथ गोखल्यांनी स्वतः घेतली आणि मग तिघांना दिली : नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन. त्या वर्षअखेरीस गोखले बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. म्हणजे देशातली सर्वांत मोठी खुर्ची समोर दिसत असताना हा माणूस तीन उमेदवार घेऊन शाळा काढत होता.

शपथा सात होत्या. देशाचा विचार आधी. सेवेतून स्वतःचा फायदा पाहायचा नाही. जात-धर्म न बघता सर्वांना भावाप्रमाणे मानायचे. समाज जे देईल त्यावर घर चालवायचे, जादा पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही. चारित्र्य स्वच्छ ठेवायचे. कोणाशी वैयक्तिक भांडण करायचे नाही. आणि समाजाच्या उद्देशाविरुद्ध जाईल असे काही करायचे नाही. यांतली भांडणाची शपथ आपल्या कार्यकारिणीच्या बैठकीत भिंतीवर लावावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते!

शपथ घेतली की माणूस लगेच पुढारी होत नसे. पाच वर्षांची उमेदवारी असे. काही काळ पुण्यात राहून अहवाल, अंदाजपत्रके, शेती, शिक्षण, सहकार यांचा अभ्यास आणि काही काळ देशभर प्रवास. आधी अभ्यास आणि अनुभव, मग व्यासपीठ, असा हा क्रम होता. आपल्या खात्याच्या भाषेत सांगायचे तर सेक्शनची पायी तपासणी झाल्याशिवाय चार्ज नाही.

हा नियम मोठ्यांनाही सुटला नाही. जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी आफ्रिकेहून परत आले. वीस वर्षांचा लढ्याचा अनुभव असलेला माणूस. पण गोखल्यांनी त्यांना सांगितले की एक वर्ष देश फिरून पाहा आणि तोवर जाहीर मते मांडू नका. गांधीजींनी ते मानले. आणि ते फिरले कशाने, तर आपल्या रेल्वेने, शक्यतो तिसऱ्या वर्गाने! गोखले गेल्याची बातमी आली तेव्हा ते शांतिनिकेतनात होते. तिथून पुण्याला निघताना बरद्वान स्टेशनवर तिकिटासाठी आणि डब्यात जागेसाठी किती हाल झाले, हे त्यांनी आत्मकथेत सविस्तर लिहिले आहे. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांचे दुःख त्यांना कळले ते असे, अंगावर घेऊन. पुढे ते समाजाचे सभासद झाले नाहीत. त्यांच्या आणि समाजाच्या कार्यपद्धतीत फरक आहे हे दोन्ही बाजूंना दिसत होते, म्हणून त्यांनी स्वतःच अर्ज मागे घेतला. पण गोखल्यांनी सांगितलेले ते एक वर्ष त्यांनी पाळले.

या शाळेतून कोण बाहेर पडले

देवधरांनी १९०९ साली रमाबाई रानडे यांच्यासह पुण्याच्या सेवासदनाची उभारणी केली आणि १९२१ च्या मलबारच्या दंगलीनंतर तिथे जाऊन मदतकार्य उभे केले. गोरेगावचे (मुंबईचे नव्हे, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले) नारायण मल्हार जोशी शाळामास्तर होते. १९०९ साली ते समाजात आले, १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढून गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. १९१९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ते हिंदुस्थानी कामगारांचे प्रतिनिधी होते आणि १९२० साली आयटक स्थापन करणाऱ्यांत होते. आज युनियनच्या ऑफिसात आपण हक्काने भांडतो, त्यामागे या मास्तरांची कित्येक वर्षांची मुकी मेहनत आहे.

द्रविडांचे नाव तर आपल्या जवळचे. १९११ साली गोखल्यांनी नागपूरला 'हितवाद' हे इंग्रजी वृत्तपत्र सुरू केले आणि त्याचे संपादन द्रविडांनी केले. तेव्हा आपला बिलासपूर जिल्हा मध्य प्रांतातच होता. आपल्या कॉलनीत आजही काही घरांत सकाळी 'हितवाद' येतो. त्याचे मूळ पुण्याच्या त्या टेकडीपर्यंत जाते, हे मला हा लेख लिहिताना कळले.

आता माझ्या व्यवसायबंधूविषयी. अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर, म्हणजे ठक्करबाप्पा. जन्म १८६९, भावनगर. १८९० साली पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून एल. सी. ई. झाले. ही त्या काळची लायसेन्शिएट परीक्षा, डिग्री नव्हे. आम्हा डिप्लोमावाल्यांना त्यांच्याविषयी आपुलकी वाटायला एवढे पुरे! काठेवाडातल्या संस्थानांत त्यांनी रस्ते आणि रेल्वेची कामे केली, मग आफ्रिकेत युगांडा रेल्वेवर गेले. परत आल्यावर काही काळ सांगली संस्थानात आणि नंतर मुंबई महापालिकेत. तिथे शहराचा कचरा वाहून नेणाऱ्या छोट्या रेल्वेचे काम त्यांच्याकडे होते. त्या कामामुळे सफाई कामगारांच्या वस्त्या त्यांनी जवळून पाहिल्या. आपण रूळ सरळ ठेवतो, पण रुळांवरून कचरा वाहणारा माणूस कसा जगतो याच्याशी आपला काही संबंध आहे की नाही? हा प्रश्न त्यांना सोडेना. १९१४ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, चांगली नोकरी सोडून ते भारत सेवक समाजात दाखल झाले. पुढे दाहोदला भिल्ल सेवा मंडळ, १९३२ पासून हरिजन सेवक संघाचे सरचिटणीसपद, संविधान सभेचे सदस्यत्व. १९५१ साली ते गेले.

मी आज ४६ वर्षांचा आहे. या वयात आता नवीन काय शिकणार, असे आपल्यापैकी कोणी म्हणाले की मला ठक्करबाप्पा आठवतात.

आणि शेवटचे नाव पंडित हृदयनाथ कुंझरू. सेफ्टीच्या वर्गात आपण सगळ्यांनी 'कुंझरू समिती' हे शब्द पाठ केलेले आहेत. १९६२ च्या रेल्वे अपघात समितीचे ते अध्यक्ष. स्वातंत्र्याच्या सुमारास नेमलेल्या रेल्वे चौकशी समितीचे कामही त्यांनी पाहिले होते. मला इतकी वर्षे ते कोणी जुने रेल्वे अधिकारी असावेत असे वाटत होते. ते रेल्वेचे नव्हतेच. १९०९ साली भारत सेवक समाजात आलेले आणि १९३६ पासून १९७८ मध्ये निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष राहिलेले गोखल्यांचे शिष्य. भारत स्काउट्स अँड गाइड्सचे पहिले राष्ट्रीय आयुक्तही तेच. आपल्या मुलांनी रेल्वे स्काउटचा रुमाल गळ्यात बांधला, त्याची एक गाठ अशी पुण्यात आहे.

मद्रासचे श्रीनिवास शास्त्री, गुजरातचे ठक्कर, उत्तरेचे कुंझरू, कोकणातले जोशी. पुण्याच्या एका टेकडीवरची शाळा, पण विद्यार्थी सगळ्या देशाचे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. समाजाचे सभासद कधीच फार झाले नाहीत. पाच वर्षांची उमेदवारी आणि तुटपुंज्या मानधनावर आयुष्य, हे थोड्यांनाच झेपणारे होते. त्यांची वाट अर्ज, अभ्यास आणि सेवेची. १९२० नंतर लाखो लोक गांधीजींच्या मागे रस्त्यावर उतरले तेव्हा ही वाट अनेकांना संथ वाटली. तो आक्षेप अगदीच खोटा नव्हता. पण आंदोलन संपल्यावर रात्रशाळा, पतपेढी आणि मदत केंद्र चालवणारी माणसे लागतातच, आणि ती गर्दीतून आपोआप तयार होत नाहीत.

एक कबुली

आता माझ्याविषयी. हे लिहावे की नाही, याचा बरेच दिवस विचार केला.

२००३ साली मी नोकरीला लागलो. पहिली नेमणूक इथून दूर, एका छोट्या सेक्शनवर. गाव आणि विभाग सांगत नाही, त्यांचा दोष नव्हता. दुसऱ्या वर्षी, एप्रिल महिन्यात, दोन तासांच्या ब्लॉकमध्ये एक रूळ बदलायचा होता. १३ मीटरचा ६० किलो रूळ म्हणजे ७८० किलो वजन. मी सकाळी थंड वेळेला मापे घेतली होती, ब्लॉक मिळाला दुपारी एकला. गँगचा मेट वयाने माझ्या वडिलांएवढा. तो म्हणाला, "साहेब, सकाळचं माप दुपारी धरू नका. आजूबाजूचे रूळ तापून वाढलेत, सांधे बंद झालेत. पुन्हा एकदा बघून घ्या." मी त्याला सगळ्या गँगसमोर सुनावले की इंजिनीअर मी आहे की तू?

जुना रूळ काढला आणि नवीन बसेना. काही मिलिमीटरचाच प्रश्न, पण लोखंड विनवण्या ऐकत नाही. बाजूचे रूळ मागे खेचण्यात ब्लॉक पन्नास मिनिटांनी लांबला आणि एक पॅसेंजर गाडी बाहेर उभी राहिली. माझ्याकडून खुलासा मागितला गेला. मी लिहिले की मेटने बोल्ट आणि अवजारे पुरेशी आणली नव्हती. माझ्या इंग्रजी खुलाशापुढे त्याचे तोंडी म्हणणे टिकले नाही. त्याची एक वेतनवाढ रोखली गेली. निवृत्तीला तीन वर्षे उरली होती.

२००७ साली माझी बदली बिलासपूरला झाली आणि मी आपल्या मंडळात आलो. आपले जुने सचिव, लोको शेडमधून निवृत्त झालेले काका, सगळ्यांच्या परिचयाचे. मला वाटले, इंजिनीअर आहे म्हटल्यावर निदान मंडप समिती देतील. त्यांनी चपलांचा स्टँड दिला! दहा दिवस लोकांच्या चपला सांभाळ. दुसऱ्या वर्षी हातात पावतीपुस्तक. तिसऱ्या वर्षी महाप्रसादाचा बाजार. मी कुरकुर केली तेव्हा म्हणाले, "अरे, चपलांपाशी उभा राहिलास म्हणून तुला कळलं ना, की म्हाताऱ्या बायकांना वाकता येत नाही? पुढच्या वर्षी तिथे बाकडं कोणी ठेवायला लावलं?" मीच लावले होते.

वर्गणीला दारोदार फिरताना तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी, ओडिया अशी सगळी दारे वाजवली. कोण कशाने दुखावला आहे, कोणाला निमंत्रण गेले नव्हते, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे दारात उभे राहूनच कळते. गंमत अशी की याच काळात माझ्या नोकरीत फरक पडू लागला. सकाळी गँगवर गेलो की मी आधी विचारू लागलो, "काल काय अडलं?" कीमन आपणहून सांगू लागले की अमुक किलोमीटरला सांधा खाली बसतो आहे, तमुक ठिकाणी पाणी साचते आहे. कामे वेळेत होऊ लागली आणि बढतीही यथावकाश मिळाली. वरिष्ठांनी कारण विचारले तेव्हा मी काहीतरी तांत्रिक उत्तर दिले. खरे उत्तर चपलांचा स्टँड हे होते.

चौथ्या वर्षी हिशेबात ७४० रुपये कमी आले. एक पावतीपुस्तक माझ्याकडून नीट तपासले गेले नव्हते. सभेत प्रश्न निघाला तेव्हा काका उठले आणि म्हणाले, "सचिव मी आहे. चूक माझी, पैसे मी भरतो." माझे नावही घेतले नाही. नंतर मी पैसे द्यायला गेलो तर म्हणाले, "पैसे ठेव. पुढच्या वर्षी तुझ्या हाताखालचा कोणी चुकेल, तेव्हा उठून उभा राहा म्हणजे झालं."

त्या रात्री मला तो मेट आठवला. काकांनी दुसऱ्याची चूक अंगावर घेतली होती. मी माझी चूक दुसऱ्याच्या अंगावर घातली होती.

तरीही त्याच्या गावी जायला मला आणखी दोन वर्षे लागली. तो निवृत्त होऊन शेती करत होता. मी बोलायला सुरुवात केली. त्याने चहा मागवला, सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "जुनं झालं साहेब. पण बोल्ट मी मोजून आणले होते. हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं." एवढेच. निरोप घेताना त्याने शेतातल्या शेंगा बांधून दिल्या. त्याची वेतनवाढ मी परत मिळवून देऊ शकलो नाही. लेखी निवेदन दिले होते, पण प्रकरण केव्हाच बंद झाले होते. पेन्शनमध्ये त्याला दरमहा थोडे कमी मिळते ते माझ्यामुळे.

म्हणून गोखल्यांच्या माफीचा भाग वाचताना मी पुस्तक मिटले. त्यांनी ऐकीव गोष्टीवर बोलण्याची चूक केली आणि परत येताच भर पेठेत ती कबूल केली. पुढे त्यांनी शाळा काढली ती आधी शिका, तपासा, मगच बोला अशी. मला वाटते, त्या पाच वर्षांच्या नियमामागे १८९७ ची जखम असावी. हे माझे अनुमान आहे.

आता आपले मंडळ

काकांनी मला शिकवले, पण ते पद्धत म्हणून कोणी लिहून ठेवले नाही. काका थकले आणि आम्ही पाच जण खुर्च्यांवर बसलो ते बसलोच. अकरा वर्षे मी हिशेब लिहितो आहे. चोख लिहितो, पण दुसऱ्या कोणाला लिहू दिला नाही. त्या मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे. तरुण पुढे येत नाहीत, कारण आम्ही काम हातात दिले नाही. फक्त पदाविषयी विचारले, तेही वर्षातून एकदा, चहाच्या आधी.

तेव्हा एक सूचना मांडतो. भारत सेवक समाजाइतकी कठोर नको, आपल्याला झेपेल अशी. ज्या मुला-मुलींना मंडळात काम करायचे आहे त्यांची पाच वर्षे ठरवून द्यावीत. पहिले वर्ष चपलांचा स्टँड आणि मांडवाची स्वच्छता. दुसरे वर्ष वर्गणी, तीही आपल्या ओळखीच्या नव्हे, अनोळखी दारांवर. तिसरे वर्ष महाप्रसाद आणि खरेदी. चौथे वर्ष हिशेब, खजिनदाराशेजारी बसून. पाचवे वर्ष एक कार्यक्रम पूर्ण स्वतःच्या जबाबदारीवर. त्यानंतर ज्याला पद घ्यायचे त्याने घ्यावे. आणि चूक झाली तर सभेत पदाधिकाऱ्याने उठून उभे राहावे, हा नियम लेखी असावा.

सुरुवात माझ्यापासून. यंदाचा हिशेब सादर झाल्यावर मी खजिनदारपद सोडत आहे, तसे पत्र अध्यक्षांना दिले आहे. ज्याने मला प्रश्न विचारला तो मुलगा या वर्षीपासून वह्या घेऊन माझ्याबरोबर बसतो आहे. त्याने पहिल्याच आठवड्यात माझी बेरजेची एक चूक काढली!

या दहा दिवसांत आरतीला याल तेव्हा मी चपलांच्या स्टँडवर भेटेन. बाकडे तिथेच आहे, बसून निवांत चपला काढा.

विघ्नहर्त्या श्रीगजाननाच्या चरणी एवढीच प्रार्थना की आपल्या मुलांना काम करण्याची बुद्धी देवो आणि आम्हा जुन्यांना ते त्यांच्या हाती सोपवण्याची.

गणपती बाप्पा मोरया!